चार अंशांवरची बाई

२ जानेवारी

लेकीने ही वही दिली. म्हणाली, "आई, रोज चार ओळी लिहीत जा. मनातलं बाहेर पडलं की बरं वाटतं." मी म्हटलं, माझं मनातलं दिवसभर बाहेरच पडत असतं, गोदामात कुणालाही विचार. त्यावर म्हणाली, "म्हणूनच वही दिली." आगाऊ कार्टी.

तर लिहिते. फुलांच्या गोदामातली कोल्डरूम माझ्या ताब्यात आहे. गुलाब, लिली, ट्यूलिप, कार्नेशन, जे येईल ते आधी माझ्या हाताखालून जातं. देठ तिरपा कापायचा, खालची पानं काढायची, स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभं करायचं आणि चार अंशांत ठेवायचं. चार म्हणजे चार. हाताखालचे लोक पाठीमागे मला 'थर्मामीटर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही, तेवढी गंमत राहू दे.

पायांवर ते ठिपके पुन्हा आलेत. लालसर जांभळे, घोट्यापासून पोटरीपर्यंत, कुणी टाचणीने टोचत बसल्यासारखे. काल मोठा माल होता, दिवसभर आत होते. नव्या मोज्यांचा रंग उतरला असेल म्हणून साबणाने घासले. पाय सोलवटले, ठिपके जागच्या जागी.

८ जानेवारी

कातडीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली आणि मलम दिलं. कशाची ॲलर्जी विचारलं तर म्हणाले, "ते शोधावं लागेल." म्हणजे शोधायचं मीच, आणि पैसे त्यांनी घ्यायचे. मोजे बदलले, कपड्यांचा साबण बदलला. पॅन्टचे पाय मात्र खाली घोट्यापर्यंत ओढून ठेवते. लोकांना चघळायला विषय नको.

१६ जानेवारी

लेकीकडे राहून आले. पाय एकदम स्वच्छ झाले! तिकडचं पाणीच चांगलं आहे. तिला म्हटलं, तुझ्या नळाला नमस्कार करायला हवा.

२० जानेवारी

कामावर दोन दिवस झाले आणि ठिपके परत हजर. आमच्या पाण्यातच खोट आहे. ह्यांना म्हटलं, चांगला फिल्टर बघा. ह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले. गोदामाची गाडी चालवून चालवून माणूस इंजिनासारखा झालाय, चालू असला की घुरघुरतो, नाहीतर गप्प.

एक गोष्ट मात्र चांगली. पोरं सुधारली. हल्ली मी कोल्डरूममध्ये पोचायच्या आत खालच्या फळीवरच्या जड बादल्या लावून झालेल्या असतात. पैलवान (हाडं मोजून घ्यावीत असा आहे, म्हणून पैलवान) आणि खारूताई (सतत काहीतरी कुरतडत असते) दोघं मला आत फार वेळ थांबूच देत नाहीत. "बाई, बाहेर ऑर्डर बघा, बाई, फोन वाजतोय." इतक्या वर्षांच्या ओरडण्याचं चीज झालं म्हणायचं.

२९ जानेवारी

आज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आले तर हे मागून माझी एक चप्पल हातात घेऊन आले. चालताना पायातून निघाली होती. मला कळलंच नाही. फरशी गार असते की गरम, हेही डाव्या पायाला हल्ली कळत नाही. मी हसले. हे हसले नाहीत. म्हणाले, "उद्या मोठ्या दवाखान्यात जायचं." मी म्हटलं, उद्या ट्यूलिप येणार आहेत. म्हणाले, "येऊ देत."

इतकं ठाम मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

सांधेवाले डॉक्टर. बोटं दुखतात, गुडघे दुखतात, थकवा येतो, सगळं सांगितलं. रक्त काढलं. प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, असायला हव्यात त्याच्या निम्म्या. आणि लिव्हरला सूज.

लिव्हरच्या सुजेची मला नवलाई नाही. कितीतरी वर्षं प्रत्येक तपासणीत ती निघते आणि प्रत्येक डॉक्टर सांगतो, तेल कमी खा. इतकी वर्षं मी बेचव उकडलेलं गिळतेय. सूज काही माझ्यावर प्रसन्न झाली नाही. आता रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंय.

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा लहान आहेत, पण नजर माझ्यासारखी. बादलीतलं एक सडकं पान लांबून दिसावं तशी. त्यांनी पायांवर बोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कधी रक्त दिलं होतं का? बाहेरचं?"

लेकीच्या वेळी. फार रक्त गेलं होतं, बाटल्या चढवल्या होत्या. त्या रक्तानेच मी वाचले.

"तेव्हा दिलेल्या रक्ताची आजच्यासारखी तपासणी होत नसे," त्या म्हणाल्या आणि आणखी रक्त काढून घेतलं. माझ्यात आता उरलंय किती, देव जाणे.

१४ फेब्रुवारी

सापडला. सी नावाचा विषाणू, कावीळ करणाऱ्यांतला. लेकीच्या जन्मापासून माझ्या लिव्हरमध्ये बिनभाड्याने राहतोय.

डॉक्टरीणबाईंनी नीट बसवून समजावलं. मला समजलं ते असं. विषाणू स्वतः फार तोडफोड करत नाही. तोडफोड करते आपलीच फौज, शरीराची. चोर पकडायला ती वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये घुसतेय, आणि झटापटीत घरातलीच भांडीकुंडी फुटतायत. ती सूज. चोर हाती लागत नाही म्हणून फौज आणखी हत्यारं पाडत सुटते, अँटिबॉडी म्हणतात त्यांना. त्यांतली काही माझ्याच प्लेटलेटना जाऊन चिकटतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

"मग पायांवरचे ठिपके? बधिरपणा?" मी विचारलं.

"त्याचाच प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "हेही त्याच फौजेचं काम असेल, तर विषाणू घालवला की हळूहळू सगळं थांबेल. त्याला आता चांगल्या गोळ्या आहेत. पण हा दुसराच, वेगळा आजार असेल, तर फौजेलाच झोपवणारी कडक औषधं द्यावी लागतील. आणि फौज झोपली की विषाणूला रान मोकळं. म्हणून आधी नक्की कळायला हवं. एक खास तपासणी आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या लॅबमध्ये होते. ती येऊ दे, मग बोलू."

घरी येऊन मी एकच गोष्ट विचारली. लेकीला झालं असेल का? हे म्हणाले, "तिला फोन केलाय मी. उद्याच रक्त देतेय. मीही देतो." म्हणजे मी डॉक्टरांसमोर बसले होते तेव्हाच ह्यांनी बाहेर उभं राहून फोन केला. मला विचारलं तरी का नाही?

१९ फेब्रुवारी

आज माझ्या खास तपासणीचं रक्त काढलं. लॅबचा माणूस न्यायला येणार होता. अर्धा तास उशिरा उगवला, आणि आल्यावरही फाटकाशी मोटरसायकल लावून निवांत उभा. सीटला थर्मास बांधलेला. चहा पिणार, मग जाणार! असल्या माणसाच्या हाती मी माझं रक्त देणार? नर्सच्या टेबलावरून नळी उचलली आणि म्हटलं, "मीच पोचवते. ह्यांची गाडी खाली आहे आणि माझी पेटीसुद्धा."

माझी पेटी म्हणजे ट्यूलिपचे नमुने नेण्याची. जाड भिंतींची, आत बर्फाच्या पिशव्या, झाकणावर तापमान दाखवणारा काटा. नळी कापसात गुंडाळून मधोमध ठेवली. शहर ओलांडलं, सगळीकडे गर्दी, पण काटा चारावरून हलला नाही. लॅबच्या खिडकीत नळी दिली तेव्हा ती ठणठणीत गार होती. नाजूक माल कसा न्यायचा हे कुणी माझ्याकडून शिकावं.

२४ फेब्रुवारी

लेक स्वच्छ! हेसुद्धा स्वच्छ!

पंखा बंद करून रडले, कारण पंख्याच्या आवाजात नीट रडता येत नाही. लेकीशी फोनवर मला काही बोलताच येईना. ती म्हणाली, "आई, तू गप्प आहेस? मला भीती वाटतेय." मग हसलो.

३ मार्च

खास तपासणीचा रिपोर्ट आला. काहीही सापडलं नाही.

मला वाटलं, काही नाही म्हणजे चांगलंच. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. सांधेवाले डॉक्टर म्हणाले, "मग ठिपक्यांचा आजार वेगळा. कडक औषध सुरू करू या." फौज झोपवायची. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल म्हणे. गर्दी नको, ओल नको, गारवा नको. कोल्डरूम तर नकोच, बहुधा कायमची. आणि लिव्हरमधल्या पाहुण्याला मोकळं रान. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

मालकांनी ऑर्डर घ्यायच्या टेबलावर बसायला सांगितलं. टेबल खिडकीपाशी आहे, ऊन येतं. सगळ्यांना वाटतं किती छान जागा.

मला भीती वाटतेय. इथे लिहिते, बाहेर कुणाला सांगणार नाही. मरणाची थोडी वाटते. पण जास्त याची वाटते की मी आता 'बिचारी' होणार. कोल्डरूममध्ये मी कधीच कुणाची बिचारी नव्हते.

६ मार्च

आज डॉक्टरीणबाईंचा स्वतःहून फोन. ऐकावं ते नवलच! जसंच्या तसं उतरवते.

"मला झोप लागत नाहीये तुमच्या रिपोर्टवरून," त्या म्हणाल्या. "तुमच्या रक्तात फौजेचा दारूगोळा जवळजवळ संपलाय, म्हणजे कुठेतरी मोठी लढाई चालू आहे. आणि रिपोर्ट म्हणतो, काही नाही. तुमची ती नळी लॅबचाच माणूस घेऊन गेला होता ना?"

"छे! त्याच्या भरवशावर कोण राहतंय. मी स्वतः नेली."

"कशी नेलीत?"

मी अभिमानाने सांगितलं. पेटी, बर्फ, कापूस, काटा, चार अंश.

फोन कटला की काय वाटलं.

"हॅलो?"

"ऐकतेय." मग अगदी हळू आवाजात, "तुम्ही फुलांच्या गोदामात असता म्हणालात. तिथे नेमकं कुठे?"

"कोल्डरूममध्ये."

"किती वेळ?"

"दिवसभर. सगळी माझ्याच ताब्यात आहे."

आणि डॉक्टरीणबाई हसायला लागल्या. डॉक्टरला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "अहो, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? आणि मी तरी का नाही विचारलं?"

मग सांगितलं. त्या ज्या अँटिबॉडी शोधतायत, त्या गारठ्यात थिजतात. खोबरेल तेल थिजावं तशा. अंगाच्या उबेत पातळ राहतात, थंडीत एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि पायांतल्या बारीक नसा तुंबवतात. त्यातूनच ठिपके, त्यातूनच बधिरपणा. म्हणून ती नळी लॅबला पोचेपर्यंत अंगाइतकी गरम ठेवायची असते. मी गार केली. माल नळीतच थिजला, रक्ताच्या गाठीबरोबर तळाला बसला आणि गाठीबरोबर फेकला गेला. उरलेल्या पाण्यात लॅबवाले शोधत बसले.

"म्हणजे तो थर्मास..." मी म्हटलं.

"त्यात कोमट पाणी असतं. नळी ठेवायला."

अति तेथे माती. मी, मी स्वतः, जगातलं सगळ्यात व्यवस्थित गार केलेलं रक्त पोचवून आले. नळाला, मोज्यांना, साबणाला नावं ठेवली आणि रोज सकाळी जाऊन त्याच खोलीत उभी राहिले. ह्यांना सांगितलं तेव्हा हे इतके हसले की शेजारची बाई दारात आली. मीही हसले. कडक औषध तूर्त थांबवलंय. मला आज भूक लागली.

९ मार्च

दुसरी नळी. या वेळी नर्सने सुईसुद्धा कोमट करून घेतली. लॅबचा माणूस आला, मी त्याला आधी नमस्कार केला, मग थर्मास उघडून कोपर बुडवून पाणी तपासलं. त्याने हरकत घेतली नाही. "तुम्हीही चला," म्हणाला, "नाहीतर तुम्हाला चैन पडायचं नाही." माणसं वाचायला शिकलाय तो.

तो, मी आणि थर्मास, तिघंही ह्यांच्या गाडीतून गेलो. काचा बंद, हीटर पूर्ण. हे घामाने निथळत होते. मला राहवेना, थर्मासाचं झाकण चांगलं लागलंय ना म्हणून मी तो शालीखाली काखेत धरला. हे म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन महिने हेच केलंस." लॅबचा माणूस इतका हसला की त्याने काच खाली केली आणि मी ओरडले.

१७ मार्च

बोलावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एक छोटी नळी माझ्यासमोर धरली. फ्रिजमधून काढलेली. वर पिवळसर पाणी, तळाला पांढरा थर, पिठासारखा.

"हे तुमचं."

मी बघत राहिले. हा थर माझ्या पायांत फिरत होता.

"आता मुठीत धरा," त्या म्हणाल्या.

मी नळी मुठीत धरली. थोड्या वेळाने मूठ उघडली तर थर पातळ झाला होता. पुन्हा धरली. पुन्हा उघडली. काहीच नाही! स्वच्छ पिवळं पाणी. माझ्याच हाताच्या उबेत, माझ्या डोळ्यांदेखत विरघळलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

सांधेवाले डॉक्टरही आले होते. त्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "माझा अंदाज चुकला." सरळ, आडवळण न घेता. मला हा माणूस त्या क्षणापासून आवडायला लागला.

म्हणजे आजार एकच. चोर एकच. फौज झोपवायची नाही, चोराला घालवायचं. लिव्हरचा स्कॅनही झाला. निबर झालंय, पण दगड झालेलं नाही. "वेळेवर आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, मला आणलं, मी कुठली येतेय.

२६ मार्च

गोळ्या सुरू. दिवसाला एक, तीन महिने. एवढीशी गोळी! मला वाटलं होतं काहीतरी घोड्याला देण्यासारखं असेल.

४ एप्रिल

टेबल. ऊन. फोन.

माझ्या मागे कोल्डरूम खारूताईच्या हाती दिलीय आणि तिचं काही खरं नाही. आज तिचा चार वेळा फोन. "बाई, लिलीची बादली कुठली?" तीन वर्षं लिलीच्या बादल्या धुतेय ही पोरगी! "बाई, गुलाबाच्या बाहेरच्या पाकळ्या काढायच्या का?" अगं, त्या काढायच्या नसतात, आतल्या फुलाची राखण करतात त्या, हे तुला मी पहिल्या दिवशी सांगितलं. मग पैलवानाचा फोन, "बाई, सफरचंद आत नेलं तर चालतं का?" सफरचंदाच्या वासाने, म्हणजे त्यातून निघणाऱ्या वायूने, फुलं म्हातारी होतात, हे तोच नव्या माणसांना शिकवतो! माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. डोकं दुखायला लागलं ओरडून, पण दिवस बरा गेला.

२५ एप्रिल

विषाणूची तपासणी. "सापडला नाही." एका महिन्यात! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्यात हुरळायचं नाही, गोळ्या संपून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं, तेव्हा नसेल तरच गेला. मी म्हटलं बरं. आणि घरी येऊन हुरळले.

१४ मे

काल मूर्खपणा केला. लिलीचा मोठा माल आला होता. खारूताई जेवायला गेलेली, दार माझ्यासमोर. विषाणू नाही तर भीती कसली, असं म्हणून आत शिरले आणि एक खेप लावून आले. सुख झालं.

संध्याकाळी ठिपके. पहिल्यापेक्षा जास्त.

डावा घोटा सुजलाय. ह्यांना दाखवला नाही. पण चादरीबाहेर पाय राहिला होता, त्यांनी पाहिला असणार, कारण सकाळी माझे जाड मोजे उन्हात ठेवून गरम केलेले होते. मी भांडायला तयार होते, भांडायला समोर कुणी नाही. फार एकटं वाटलं.

१७ मे

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "चोर गेला, पण फौजेला अजून कळलं नाहीये. इतक्या वर्षांची सवय. हत्यारं पाडायचे कारखाने एकेक करून बंद होतील. लढाई संपल्याचा निरोप प्रत्येक ठाण्यावर पोचायला वेळ लागतो."

"किती?"

"कुणाला महिने, कुणाला वर्ष. काहींना पूर्ण नाही पोचत."

हे शेवटचं वाक्य मला रोज आठवणार. मीही इतकी वर्षं दिसेल त्यावर ओरडत आलेय, समोर शत्रू असो नसो. माझ्या फौजेला तरी कसं समजावं? आजपासून ऊब. हट्टाने ऊब. पाहू कोण जास्त हट्टी.

२८ जून

गोळ्या संपल्या. रिकामी डबी टाकून दिली. ह्यांनी ती कचऱ्यातून काढून धुतली आणि त्यात गाडीच्या टपावरचे स्क्रू ठेवले. भावना वगैरे काही आहे की नाही माणसाला!

३ ऑगस्ट

बोटं दुखत नाहीत. आज घट्ट बरणी मीच उघडली. ह्यांनी हात पुढे केला होता, तो मी झटकला.

२ ऑक्टोबर

मोठा दिवस. हळू लिहिते म्हणजे अक्षर नीट येईल.

विषाणू नाही. गोळ्या संपून तीन महिने झाले आणि नाही. "गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कायमचा. हा परत येत नाही, पुन्हा बाहेरून घेतला तरच." प्लेटलेट जवळजवळ माणसात आल्या. स्कॅनमध्ये लिव्हर पहिल्यापेक्षा मऊ. दारूगोळाही भरलेला.

आणि फ्रिजमधली नळी. पूर्ण आठवडा गारठ्यात ठेवलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी उजेडाकडे धरली, उलटी केली, सरळ केली. तळाला काही नाही. निरोप पोचला होता.

मी डॉक्टरीणबाईंना मिठी मारली. त्यांचा चष्मा वाकडा झाला. सांधेवाले डॉक्टर दारातून डोकावत होते, त्यांना म्हटलं, तुम्हीही या, पण ते लाजले.

"कोल्डरूम?" मी विचारलं.

"एक दिवस जाऊन बघा. जाड मोजे, मध्ये मध्ये बाहेर यायचं, आणि संध्याकाळी पाय बघायचे."

८ ऑक्टोबर

आज गेले.

दाराची प्लॅस्टिकची पट्टी बाजूला केली आणि तो वास आला, ओल्या देठांचा. आत एकेक बादली जागेवर, लिली लिलीत, गुलाब बाहेरच्या पाकळ्यांसकट, पाणी काचेसारखं, तापमान चोख. मला नाव ठेवायला जागाच सापडेना. इतके दिवस फोनवर बावळटासारखे प्रश्न विचारणारी ती हीच पोरं! मी नसताना कधी शिकली कुणास ठाऊक. खारूताईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही फोनवर सांगितलंत ना बाई." खरंच, फोनवर शिकवणं मला चांगलं जमतं असं दिसतंय.

दिवसभर काम केलं. मध्ये मध्ये बाहेर आले, सांगितल्याप्रमाणे. पैलवान प्रत्येक वेळी दार उघडून उभा. एकाही जड बादलीला मी हात लावू दिला नाही दुसऱ्याला. कार्नेशनचे शेवटचे गठ्ठे बाहेर आले. आता पाय बघायचे होते. घरी जाऊन, दार लावून बघणार होते, इतके दिवस बघत आले तसे.

मग वाटलं, कशाला?

पॅकिंगच्या टेबलांमध्ये एक उलटी क्रेट ओढली, बसले आणि आवाज दिला, "सगळे इकडे या." कात्र्या थांबल्या. मालकसुद्धा केबिनमधून आले. त्यांना वाटलं मी कुणालातरी झापणार. मी बूट काढले, मोजे काढले आणि पॅन्टचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत सरळ वर गुंडाळले. आयुष्यात कधी घोटा दाखवला नव्हता मी या लोकांना.

"बघा," म्हटलं. "नीट बघा. मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

पैलवानाने मोबाइलचा दिवा लावला. खारूताई गुडघ्यावर बसली. पुढून बघितलं, मागून बघितलं, पोटऱ्या बघितल्या.

"काही नाही," खारूताई म्हणाली. मग उठून ओरडली, "एकसुद्धा नाही!"

टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी बादली बडवायला लागलं. मालक टाळ्या वाजवत होते. मी मोकळ्या पायांनी त्या क्रेटवर बसले होते, लग्नातल्या नवरीसारखी, आणि मला अजिबात लाज वाटली नाही. जिंकले मी. सरळ लिहिते, जिंकले.

तेवढ्यात हे माल भरायला आले. गर्दी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. लोकांना ढकलत आत आले, माझे उघडे पाय पाहिले, आणि कुणाला काही न विचारता खाली फरशीवर बसून डावं पाऊल दोन्ही हातांत घेतलं.

"गार पडलंय," म्हणाले.

"हो, गार लागतंय," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

मलाही तेव्हाच कळलं मी काय म्हणाले ते. "पाय गार लागतोय मला. आणि अहो, तुमचे हात गरम लागतायत. दोन्ही. हा अंगठासुद्धा."

हे माझं पाऊल तसंच धरून, सगळ्या गोदामासमोर, रडायला लागले. हा माणूस रडू शकतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. गाडी आज उशिरा सुटली, आणि मालक कुणाला काही बोलले नाहीत.